आमच्या पॅसेजमधली अमेरिकेची पोर

होळीची राख थंड होते न होते तोच आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पावलं वाजायला लागतात. मुलं-मुली पुस्तक छातीशी धरून पाण्याच्या टाकीभोवती फिरतात आणि पाठ करतात. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यामुळे ती पावलं माझ्या डोक्यावरूनच जातात. शब्द कळत नाहीत, नुसतं घोकणं कळतं. तीच ओळ, पुन्हा तीच ओळ. मधेच सगळं थांबतं. थांबलं की माझा हातही थांबतो. पुढचं आठवत नसेल का? पाऊल परत वाजेपर्यंत मला काही सुचत नाही.

माझ्या परीक्षा चौथीतच संपल्या. तरी मार्च आला की वाटतं, परीक्षा माझीच आहे. दुपारी खाडीकडून वारा येतो, मिठागरांवरून तापून आलेला, ओठांना खारट लागणारा. नळाला पाणी एकदाच येतं. पंखा गरम हवा खाली ढकलत राहतो. हे सगळं जमून आलं की मला दुसरं कुठलं वर्ष आठवत नाही, मनूच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष आठवतं. आता ती इथे राहत नाही. नोकरीसाठी लांब गेली आहे, रविवारी फोन करते. पण या दिवसांत ती घरातच असल्यासारखी वाटते, खिडकीत पाय वर घेऊन बसलेली, नखं खाणारी.

मनू माझ्या मोठ्या भावाची मुलगी. जिंतूरकडच्या आमच्या गावात ती बारावी झाली आणि दादाने तिला माझ्याकडे भाईंदरला पाठवलं. आम्हाला मूलबाळ नाही. घर लहान असलं तरी एका पोरीला जागा होती. ती आली तेव्हा तिचं बोलणं ऐकून मला भरून आलं होतं. इतक्या वर्षांत मी ते बोलणं कुठेतरी ठेवून विसरून गेले होते. "आत्या, इथं सगळे दारं लावून बसतेत कामून?" तिने पहिल्याच संध्याकाळी विचारलं. हसायची तर खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी.

मग ती बदलली. कुठल्या दिवशी काय बदललं ते सांगता येणार नाही. दूध विरजताना कोणी पाहिलंय? आधी "कामून" गेलं आणि "का" आलं. मग डब्यातली भाकरी गेली. मग हसताना तोंडावर हात आला. कॉलेजात काय काय ऐकून घेतलं असेल ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायचं कसं, हेच मला आयुष्यभर जमलेलं नाही. दुसऱ्या वर्षी एकदा वहिनीचा गावाहून फोन आला. मनूने उचलला, "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणाली. तिकडून वहिनी म्हणाली, "राँग नंबर लागला वाटतं," आणि फोन ठेवून दिला. स्वतःच्या लेकीचा आवाज तिला ओळखू आला नाही. मनू हसत हसत मला हे सांगायला आली आणि हसत हसतच मोरीत गेली. आत बराच वेळ नळ वाहत होता. पाण्याची इतकी ओढ, पण नळ बंद कर असं मी म्हटलं नाही.

तिसऱ्या वर्षी तिच्या अभ्यासाला अमेरिकेतली एक कादंबरी होती. फार जुनी, तिकडे सगळ्यांना ठाऊक असलेली. मनू दुपारी थोडं थोडं वाचायची आणि मला मराठीत सांगायची. मी घरी इमिटेशन दागिन्यांचं काम करते. काडीच्या टोकाला मेण लावून खडा उचलायचा आणि गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचा. हात त्यात असले तरी कान मोकळे असतात.

त्या कादंबरीत डोंगरात राहणारी एक पोर होती. बाप कोळसा पाडणारा, तो मेला. पोर घोडागाडीत बसून खाली एका गावात आली आणि टोप्या विकणाऱ्या दुकानात कामाला लागली. गावातल्या बायका दर आठवड्याला एकत्र जमून गोधड्या शिवायच्या. त्यांनी तिला जवळ केलं. तिला चांगले कपडे दिले, देवळात आपल्या शेजारी बसवलं. वाईट कोणीच नव्हतं. पण तिने काटा-चमचा चुकीचा धरला की एकमेकींकडे बघायच्या. ती डोंगरातला एखादा शब्द बोलली की गोड आवाजात तो शब्द परत म्हणून दाखवायच्या. रागवायच्या नाहीत. तेच मला भयंकर वाटायचं. रागवणाऱ्याशी भांडता तरी येतं.

"मग पुढं?" मी विचारायची.

"पुढं काय, शिकली ती," मनू म्हणायची. "चमचा धरायला शिकली, हळू हसायला शिकली." आणि पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसायची.

त्या पुस्तकावर प्रत्येकाला सगळ्यांपुढे उभं राहून इंग्रजीत बोलायचं होतं. प्रेझेंटेशन म्हणतात. इंग्रजी शिकणारी तिन्ही वर्षांची मुलं समोर बसणार. सरांनी चिठ्ठ्या काढायला लावल्या आणि मनूच्या चिठ्ठीत प्रश्न आला: त्या मुलीवर समाजाचा काय परिणाम झाला? बोलली नाही तर त्याचे मार्क गेले, आणि ते गेले तर वर्ष गेलं. त्या दिवसापासून मनूचं जेवण तुटलं. "आत्या, मला नाही जमणार," म्हणायची. "मी गावी जाते." दादा तर टपलेलाच होता. फोनवर म्हणाला, "जमंना गेलं तर लावून दे तिकडून. पाव्हणे विचारायलेत. चांगलं ठिकाण हाय." मी "हं" म्हटलं. मनू समोरच बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत. दादाला मी आजवर "हं"शिवाय दुसरं काही म्हटलेलं नाही, हे तिला माहीत होतं.

दुपारी ऊन वाढलं की आम्ही बायका काम घेऊन पॅसेजमध्ये बसतो, तिथे जरा वारा असतो. समोरच्या हंसाबेन, कडेच्या खोलीतल्या शबानाभाभी, रत्नागिरीकडच्या सावंतकाकू आणि मी. त्या तिघी बोलतात, मी ऐकते. हंसाबेन मला मौनीबाबा म्हणतात. एका दुपारी माझे खडे तिरके बसायला लागले.

"काय गं, आज हात कुठे नि लक्ष कुठे?" सावंतकाकू म्हणाल्या. "बरं नाही वाटत?"

मनूचं नाव मला घ्यायचं नव्हतं. पॅसेजमध्ये बोललेलं संध्याकाळी जिन्याने खाली उतरतं. पण मन इतकं भरलं होतं की दुसरंच बाहेर पडलं. "एक पोरगी आहे अमेरिकेत," मी म्हटलं. "तिची काळजी वाटते."

ती पुस्तकातली आहे हे मी पुढच्याच वाक्यात सांगणार होते. पण मला बोलायला वेळ लागतो, आणि ज्याला वेळ लागतो त्याच्या वाट्याचंही लोक बोलून टाकतात.

"अमेरिका में?" शबानाभाभींनी काडी खाली ठेवली. "तुम्हारी रिश्तेदार? कभी बताया नहीं."

"ये तो छुपी रुस्तम निकली," हंसाबेन म्हणाल्या. "हम समझे गाँव में खाली खेती है. क्या हुआ लड़की को?"

"बाप गेला तिचा," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

"अरेरे." तिघींचे हात थांबले. मग मी त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. डोंगर, दुकान, गोधड्या शिवणाऱ्या बायका. त्यांनी मधे तोडलं नाही. इतकं सलग मी त्या पॅसेजमध्ये कधीच बोलले नव्हते. आता हे मागे घ्यायचं कसं, ही भीती मात्र प्रत्येक वाक्यागणिक वाढत होती.

"उसको बोलो, चुप रहने का," हंसाबेन म्हणाल्या. "नये गाम में मुँह बंद, कान खुल्ला. मैं बीस साल ऐसे ही रही सास के पास."

"आणि आता वीस वर्षांचं एकदम बोलताय," काकू म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "पण खरं आहे हो. राहायचं तिथलं व्हावं लागतं. मी इथे आले तेव्हा कुठल्याही वाक्याला हेल काढायचे. माझी नणंद पाहुण्यांसमोर मला मुद्दाम बोलायला लावायची. आता गावी गेले की गावचे म्हणतात, मुंबईवाली आली."

"हँसना क्यों छोड़े लेकिन?" शबानाभाभींना तेवढंच लागलं होतं. "कपड़ा बदलो, खाना बदलो, ठीक है. हँसी ने किसी का क्या बिगाड़ा?"

दुसऱ्या दिवशी मी पॅसेजमध्ये पाट टाकायच्या आधीच प्रश्न आला. "तुम्हारी अमेरिकावाली का क्या हाल?" मग रोजच. मनूने आदल्या दिवशी वाचलेलं मी सांगायची आणि त्या तिला तिथूनच सल्ले द्यायच्या. दुकानाची मालकीण लबाड आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नको म्हणावं. थंडी फार असेल, तेल लावत जा म्हणावं. शेजारणी आल्या की वाटायचं, आज ओळखतील, आज म्हणतील, मेलीने आम्हाला फसवलं. एक भीती घरात होती आणि एक दारात, आणि मी उंबऱ्यावर बसून खडे चिकटवत होते.

मनूचा दिवस जवळ आला तशी ती पुस्तकाच्या शेवटापाशी येऊन अडकली. एक दुपार गेली, दुसरी गेली, पुढचं सांगेना. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "शेवट वाचलाय मी. कधीच वाचलाय."

"मग सांग की."

डोंगरातली ती पोर गावात पक्की रुजली, मनू म्हणाली. गोधड्या शिवणाऱ्यांत तिला मानाची जागा मिळाली. मग एक दिवस डोंगरातून आणखी एक मुलगी आली. मोठे बूट घातलेली, तसंच बोलणारी. काहीतरी बोलली. आणि सगळ्यात आधी जी हसली, ती हीच. तिथे पुस्तक संपतं.

"कॉलेजात एक ज्योती आहे," मनू पुढे म्हणाली. मला वाटलं ती विषय बदलतेय. "पहिल्या वर्षाला आलीय. जालन्याकडची. हाटकेशला मामाकडे राहते. कँटीनमध्ये ती काहीतरी बोलली, आपल्यासारखं, आणि आमचा ग्रुप हसला. मग मी तिची नक्कल करून दाखवली. आत्या, अशी नक्कल कोणालाच जमली नसती. मला ती करावीच लागली नाही, नुसतं तोंड उघडलं. सगळे टेबलावर हात आपटून हसले. ज्योती नाही हसली. ती माझ्याकडे बघत होती. तिने ओळखलं. परकं माणूस इतकं बरोबर बोलूच शकत नाही ना."

ती नख खात होती, त्या नखाला खायला काही उरलं नव्हतं.

"ती पण तिथं बसणार आहे. आणि मी काय सांगू? समाजाचा परिणाम?"

मी तिच्यासाठी पाणी आणलं. आपली माणसं वाईट नसतात, आपणही नसतो, मग हे येतं कुठून? मी इथे नवी होते तेव्हा माझं बोलणं ऐकून कोणी हसलं म्हणून मी बोलणंच सोडलं. मनूने बोलणं सोडलं नाही, ते दुसऱ्यांचं घेतलं. दोघींत कोण जास्त गमावून बसली ते मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दुपारी पॅसेजमध्ये मी शेवट सांगून टाकला. एकदाचं संपवावं म्हणून. हंसाबेनच्या घरातला कुकर शिट्टी देऊन गप्प झाला.

"अच्छा नहीं किया उसने," शबानाभाभी म्हणाल्या.

"क्या अच्छा नहीं किया? सास से सीखा, बहू पे चलाया. घर-घर का है," हंसाबेन म्हणाल्या. पण त्याही आतून हलल्या होत्या. त्यांच्या घरात सून आहे.

सावंतकाकू मात्र माझ्याकडेच बघत होत्या. "मग? आता काय करते ती? त्या नव्या पोरीशी बोलली की नाही?"

"ते माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"इथपर्यंतच आहे," मी म्हटलं. "पुढचं नाही."

"अगं, फोन लाव ना मग. अमेरिका असली म्हणून काय झालं, आता फुकट लागतो. विचार तिला, माफी मागितलीस का म्हणावं. मागितली नसेल तर आपण सांगू, अजून वेळ गेलेली नाही."

"हाँ, वीडियो कॉल करो," शबानाभाभी म्हणाल्या. "हम सब बोलेंगे उसको."

मी काम गोळा करून आत आले. मनू आतल्या भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"त्यांना वाटतं ती खरंच आहे?"

"हो."

"तू सांगितलं नाहीस, पुस्तकातली आहे म्हणून?"

"सांगणार होते. राहून गेलं."

मनू हसली, तोंडावर हात न धरता. मग हसणं तसंच अर्ध्यात राहिलं. "आमच्या वर्गात सगळ्यांनी शेवटावर लिहिलंय," ती म्हणाली. "सर पण शेवटावरच शिकवतात. पुढं तिनं काय करावं, हे कोणीच नाही विचारलं."

प्रेझेंटेशनच्या दिवशी ती म्हणाली, "आत्या, चल ना सोबत." मी कॉलेजच्या दारात कधी गेले नव्हते. साडी कुठली नेसायची इथपासून मला घाम. फाटकाबाहेर गुलमोहराखाली उभी राहिले. मुली येत होत्या, जात होत्या, सगळ्या माझ्याकडे बघतायत असं वाटत होतं. कोणीच बघत नव्हतं. आत ती उभी राहिली असेल का, की मागच्या दाराने निघून गेली? दादाला काय सांगायचं? ऊन सरकत माझ्या पायांवर आलं, तरी जागा सोडली नाही. मी हलले आणि ती नेमकी तेव्हाच आली तर, असं वाटत होतं.

ती आली तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"बोललीस?"

"बोलले." ती माझ्या शेजारी झाडाला टेकली. "म्हटलं, समाज म्हणजे चर्च आणि दुकान आणि शिवणाऱ्या बायका, असं गाइडमध्ये आहे. पण शेवटी तो त्या मुलीच्या तोंडात येऊन बसतो आणि तिच्याच आवाजात हसतो. म्हटलं, मला माहीत आहे, मी तशी हसलेय. कँटीनमध्ये. आणि म्हटलं, माझ्या आत्याच्या शेजारणी विचारतात की पुढं तिने माफी मागितली का."

"मग सर?"

"सर म्हणाले, विषयाला धरून बोल."

"आणि ज्योती?"

"तिनं मानच वर केली नाही."

मी म्हटलं, चल घरी, जेवली नाहीस. मनू हलली नाही. मुलींचे घोळके बाहेर पडत होते. तिच्या ग्रुपमधल्या एकीने लांबून हात केला, पण थांबली नाही. सगळ्यांच्या मागून एक सावळी, उंच मुलगी एकटीच आली, ओढणी डोक्यावरून घेतलेली. मनू पुढे झाली.

"ज्योती, चाल ना आमच्या घरी," ती म्हणाली. गावचा आवाज, पण चाचपडत निघालेला, बऱ्याच दिवसांनी पाय टाकल्यासारखा. "ही माझी आत्या हाय. जवळच राहतो आम्ही."

ज्योतीने मनूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हसायचा प्रयत्न केला, तो मला जमला नसावा.

"कशाला?" ती म्हणाली. "माझं बोलणं अजून कुनाला ऐकवायचं राहिलंय का?"

तिने ओढणी पुढे ओढली आणि रस्ता ओलांडून बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. मनू तिथेच. मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, "जाऊ दे, आज नको. उद्या बघू." भांडण, माफी, काहीही असो, मी आजवर उद्यावरच टाकत आले आहे. मनूने माझा हात हळूच काढला. "उद्या नाही जमायचं मला," ती म्हणाली.

ती रस्ता ओलांडून गेली. ज्योतीच्या शेजारी नाही, जरा अंतर सोडून उन्हातच उभी राहिली. सावली होती तेवढी ज्योतीवर होती. दोघी समोर बघत होत्या. बोलत नव्हत्या. मी अलीकडच्या कडेला, मधे रिक्षा, टेम्पो, स्कूटर. बस आली आणि दोघी तिच्या मागे झाकल्या गेल्या. बस हलली तेव्हा स्टॉपवर कोणी नव्हतं. खिडकीत मनूचा चेहरा दिसला, तोही क्षणभर. आपण नेमकं काय केलं हे तिला स्वतःलाच नुकतं कळत असावं, असा.

ती बस हाटकेशला जाते, ज्योतीच्या मामाच्या बाजूला. आमच्या घराकडे येत नाही.